साडेतीन फुटांचा पडदा

पंतनगरच्या त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सुगंधा राहते. राहते म्हणजे, वन रूम किचनच्या गॅलरीत राहते. गॅलरीला बाहेरून ग्रील आहे, ग्रीलला आतून प्लॅस्टिकचा कागद आहे. आत एक फोल्डिंगची खाट, खाटेखाली दोन बॅगा, भिंतीला एक फळी. पूर्वी खोली आणि गॅलरीच्या मध्ये दोन झडपांचं दार होतं. ते वाळवीने खाल्लं तेव्हा भावाने काढून टाकलं, आणि साडेचार फुटांची मोकळी चौकट तेवढी राहिली.

या चौकटीत सुगंधाचा पडदा होता. क्रोशाचा, सहापदरी पांढऱ्या दोऱ्याचा. चोपन्न इंच रुंद, सात फूट लांब. तिच्या हाताने एका इंचात तीन खांब, म्हणजे उभे टाके, बसतात, त्यामुळे एका ओळीला एकशे बासष्ट खांब. हा आकडा तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. आई अकरा वर्षं हॉलमध्ये लोखंडी कॉटवर होती आणि सुगंधा कॉटच्या बाजूला जमिनीवर. एक बाजू लुळी पडलेल्या आईचं सगळं तिने केलं. लग्नाची बोलणी दोनदा झाली होती, दोन्ही वेळा आईच्या आजाराच्या आधीच फिसकटली होती, त्यामुळे तिने आईसाठी लग्न सोडलं असं काही म्हणता येणार नाही. तसं म्हणणारे नातेवाईक आहेत, पण सुगंधा त्यांना तसं म्हणू देत नाही. आई गेल्यावर महिनाभराने कॉट भंगारवाल्याला दिली. तिथे सोफा-कम-बेड आला. त्यावर भाऊ राजेश आणि त्याची बायको दीप्ती झोपू लागले. त्यांची मुलगी सई स्वयंपाकघरात ओट्याशेजारी गादी टाकत होतीच. उरली सुगंधा आणि उरली गॅलरी.

पहिले काही आठवडे दीप्तीने जुनी साडी बांधली होती चौकटीला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्या साडीतून हॉलमध्ये यायचा आणि हॉलमधल्या टीव्हीचा निळा उजेड सुगंधाच्या उशीवर. सुगंधाने क्रोशाची सुई काढली. विणायला तिला आईनेच शिकवलं होतं, देवगडला, आठवीच्या सुट्टीत. आई म्हणायची, "चेडवा, साखळी घालताना नीट मोज. मागसून काय्येक करूक येणा नाय." पहिली साखळी जेवढी, तेवढी रुंदी. ती एकदा घातली की विणणारी व्यक्ती फक्त लांबी वाढवत जाते.

चार महिने लागले. पडदा चौकटीवरच्या पाइपला अडकवला त्या दिवशी सुगंधाने तो ओढून घेतला आणि आत खाटेवर बसून राहिली. काही केलं नाही, नुसती बसली. बावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला चारही बाजूंनी कुणी पाहत नव्हतं.

मग इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. मीटिंगा झाल्या, बिल्डर आला, कागद आले. घर अजून आईच्याच नावावर होतं. बिल्डरशी करार करायचा तर घर एकाच्या नावावर हवं, आणि त्यासाठी बहिणीने हक्क सोडल्याचं पत्र रजिस्ट्रारसमोर सही करून द्यायला हवं.

"फॉर्मॅलिटी आहे गं ताई," राजेश म्हणाला होता. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान, एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात. "आपल्या इमारतीत सगळ्या बहिणींनी सह्या केल्या. वरच्या मजल्यावर तिघी होत्या, तिघींनी केल्या."

"त्या आपापल्या घरी राहतात रे."

"म्हणून काय झालं? नव्या घरात तुझी जागा आहेच ना. तुला वेगळी जागा. आता बस?"

त्या तिघींनी माहेर टिकावं म्हणून सही केली, साड्या घेतल्या आणि जेवून परत गेल्या. सुगंधा माहेरातून कधी बाहेरच पडली नव्हती. पण वेगळी जागा म्हणजे खोली, असं तिने धरलं. त्या जागेला कुणी खोली म्हटलं नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. ती हो म्हणाली. तळमजल्यावर जयाचं फॉल-बिडिंगचं दुकान आहे, तिला जाऊन सांगितलंही, "नव्या घरात खोली मिळणार मला." जयाने तोंडातला दोरा तोडला आणि म्हणाली, "झकास. मला बघायला बोलाव."

रजिस्ट्रारची तारीख ठरली. सोमवार. त्याच्या आठ दिवस आधीच्या रविवारी सुगंधा ओट्यापाशी कोलंबी सोलत होती. दीप्ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, तो तुमचा पडदा आहे ना, तो नव्या घरात न्यायचा."

सुगंधाला बरं वाटलं. दीप्तीला जुन्या वस्तू आवडत नाहीत. जुनं पातेलंसुद्धा ती खालच्या भांडीवाल्या बाईला देऊन टाकते.

"नेऊ की."

"फक्त रुंदी जरा कमी करा. साडेतीन फूट."

"आणि लांबी?"

"लांबी तीच राहू दे. शिंप्याकडे देऊ का? कडेने कापून शिवून देईल."

"क्रोशाला कात्री लावली की संपलं. सगळं सुटत जातं."

"मग कडेने उसवा ना. एक फूटच तर आहे."

"कडेने उसवत नाही दीप्ती. शेवटच्या टाक्यापासून उसवायचं, तेही ओळीने. रुंदी पहिल्या साखळीत असते. कमी करायची तर मुळापर्यंत जायला लागतं."

"अय्या, म्हणजे सगळं परत?"

"सगळं."

"मग राहू दे, रेडीमेड आणू," दीप्ती म्हणाली. ती वाईट बाई नाही. मालाडला एका लॅबमध्ये काउंटरवर बसते, सकाळी सातला डबा घेऊन निघते, दिवसभर लोकांचं रक्त-लघवीचं बोलणं ऐकते.

"नको, करते मी," सुगंधा म्हणाली. "तेवढंच हाताला काम."

दुमडून शिवता येतं का, ते तिने आधी पाहिलं. सोमवारी सगळे बाहेर गेल्यावर पडदा काढला, खाटेवर पसरला, बारा इंच आत दुमडला. कडेला जाड गुंडाळी झाली, पडदा एका अंगाला ओढला जाऊन वाकडा लोंबला. ते काही तिच्या डोळ्यांना सहन होईना. तिने शेवटची गाठ शोधली, सुईने सैल केली आणि दोरा ओढला.

उसवायला विणण्यासारखा वेळ लागत नाही, याचं तिला दरवेळी वाईट वाटतं. एकशे बासष्ट खांबांची ओळ टपटप सुटत पलीकडच्या टोकाला जायची, मग दुसरी. ती दोरा वर्तमानपत्राच्या घडीवर गुंडाळत होती. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुमारास विणलेला भाग घट्ट निघाला. तेव्हा हात आखडला होता आणि त्या ओळी अर्ध्या इंचाने आत गेल्या होत्या. इतकी वर्षं तिच्याशिवाय ते कुणाला दिसलं नव्हतं. घट्ट भागातला दोरा कुरळाच राहिला, शेवयांसारखा.

बुधवारी दुपारी पडद्याची दीड वीत उरली होती, तेव्हा तिचा हात थांबला. आपण हे कशाला करतोय, असा विचार तिने तोवर केलाच नव्हता. तिच्या डोक्यात खिडकी होती. खोली म्हणजे खिडकी असणार, साडेतीन फुटांची खिडकी, तिला पडदा. पण सात फूट लांब पडदा खिडकीला लागत नाही. तो चौकटीला लागतो. आणि चौकटीत दार असलं तर पडद्याची गरजच काय?

उरलेली दीड वीत तिने उसवली. अर्धवट ठेवून उपयोग नव्हता. लडी करून कोमट पाण्यात भिजवल्या, दोऱ्याचा कुरळेपणा जायला हवा म्हणून खाली वजन बांधून ग्रीलला टांगल्या. गुरुवारी सई कॉलेजातून आली तेव्हा त्या लडी अजून ठिबकत होत्या.

"सई, त्या नव्या घराचा नकाशा आहे ना तुझ्या फोनवर?"

"आहे ना आत्या. ग्रूपवर टाकलाय पप्पांनी."

"दाखव. पडद्याचं माप घ्यायचंय."

सईने मोठा करून दाखवला. "हा हॉल. हे किचन. ही मम्मी-पप्पांची बेडरूम. ही माझी. बघ ना, माझ्या खिडकीतून मेट्रो दिसणारे."

"हे अर्धगोल काय काढलेत?"

"दारं आहेत ती. दार उघडल्यावर किती जागा खातं, ते दाखवतात."

सुगंधाने अर्धगोल मोजले. बाहेरचं एक, दोन बेडरूमची दोन, दोन संडास-बाथरूमची दोन. दोन्ही बेडरूमच्या अर्धगोलाशेजारी तीन फूट लिहिलं होतं.

"आणि माझी जागा?"

सईने बोटाने नकाशा सरकवला. किचनच्या मागे एक लांबट पट्टी होती. साडेतीन बाय सात. तिच्या एका टोकाला चौकोन आणि चौकोनात गोल.

"हे काय?"

"वॉशिंग मशीन." सईचा आवाज बारीक झाला. "आत्या, ड्राय बाल्कनी आहे ती. मम्मी म्हणाली, तिथे पडदा लावला की तुला मस्त प्रायव्हसी मिळेल."

"अर्धगोल नाही इथे."

"ड्राय बाल्कनीला दार नसतं. ओपनिंग असतं नुसतं."

सुगंधाने फोन तिच्या हातात परत दिला. "खाऊन घे. पोहे झाकून ठेवलेत."

दुसऱ्या दिवशी भाजीच्या निमित्ताने ती खाली गेली. जयाने सगळं ऐकून घेतलं, साडीची कड सुईखालून सोडली आणि म्हणाली, "सही करू नकोस. अजिबात."

"आणि राहू कुठे?"

"तिथेच. तुझ्या आईचं घर आहे."

"जये, रोज एकमेकांची तोंडं बघत राहायचंय मला त्यांच्यासोबत. सकाळचा चहा मी करते. त्याचा डबा मी भरते. सही केली तर साडेतीन फूट. नाही केली तर साडेचार फूट आणि रोजची बोलणी. ते तरी किती दिवस? सगळी इमारत सह्या करून मोकळी झाली की लोक मलाच शिव्या देणार, हिच्यामुळे अडलं म्हणून."

जयाने साडीची कड पुन्हा सुईखाली घेतली. ती स्वतः कुर्ल्याला मुलाच्या घरात पोटमाळ्यावर झोपते. माझ्याकडे ये, असं म्हणण्याइतकी तिची जागा नाही, हे दोघींना माहीत होतं. "पण दार तरी माग," ती शेवटी म्हणाली. "दार मागायला काय जातंय?"

त्या संध्याकाळी जेवताना राजेशने आठवण केली. "ताई, सोमवारी अकराला. आधार कार्ड आणि दोन फोटो काढून ठेव."

"माझ्या खोलीला दार आहे का रे?"

राजेशने दीप्तीकडे पाहिलं. दीप्तीने सईकडे. सईने ताटात.

"कसलं दार?"

"नकाशात पाहिलं मी. तुमच्या खोलीला आहे, सईच्या खोलीला आहे, संडासालासुद्धा आहे."

"ताई, ती काय सेपरेट रूम नाहीये. जागा आहे. आता गॅलरीला तरी कुठे दार आहे?"

"होतं. तू काढलंस."

"वाळवी लागली होती यार!" राजेशचा आवाज चढला. "आता हे काय नवीन? वकील झालीस का तू?"

दीप्तीने वाटी खाली ठेवली. "ताई, एक सांगू? लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली. मला एक दिवस स्वतःची खोली मिळाली नाही. सासूबाई हॉलमध्ये, तुम्ही हॉलमध्ये, आम्ही स्वयंपाकघरात, गॅसच्या वासात. कधी बोलले मी? आता पहिल्यांदा दार लागणारी खोली मिळतेय, तर लगेच तुमचं सुरू. आम्ही काय तुम्हाला बाहेर काढतोय?"

"नाही," सुगंधा म्हणाली. "आतच ठेवताय."

दीप्तीचं खरं होतं, हे सुगंधाला कळत होतं. सासरी आलेली ती मुलगी, मोरीत दिवा लावून केस विंचरायची. म्हणूनच पुढे काही बोलता येईना. सुगंधा उठली, ताटं गोळा केली, ओटा पुसला आणि गॅलरीत जाऊन खाटेवर बसली. ओढायला पडदा नव्हता. समोर सोफा-कम-बेडवर राजेश बसला होता आणि दोघांच्या मध्ये सहा फूट अंतर होतं. त्याने टीव्ही लावला, मग बंद केला.

"पडदा कधी होणार?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"बघू."

शनिवारी तिने पडद्याला हात लावला नाही. दीप्तीने, आठवडाभर रात्री लावायची तशी, कपाटातून चादर काढून पाइपला चिमटे लावले. सुगंधाने ते चिमटे एकेक करून काढले, चादरीची व्यवस्थित घडी घातली आणि सोफ्यावर नेऊन ठेवली. दीप्तीने पुन्हा लावली. सुगंधाने पुन्हा काढली. 

रविवारी मात्र घरातली हवाच बदलली. राजेश बनियनवर फिरायचा, त्याने शर्ट घातला. दीप्ती गाऊन बदलायला मोरीत गेली आणि आत बादली आपटली. दुपारी दोघं आडवी झाली तर समोर ताई, ग्रीलला पाठ टेकून, उघड्या डोळ्यांनी. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, पण ती होती. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की पडदा सुगंधासाठी आहे.

"हे मुद्दाम चाललंय," दीप्ती राजेशला म्हणाली, मोठ्यानेच. हळू बोलून उपयोग नव्हता.

सोमवारी दीप्तीने रजा घेतली होती. सकाळी सुगंधाने नेहमीसारखा चहा केला, कुकर लावला आणि गॅलरीत येऊन बसली. लडी वाळून सरळ झाल्या होत्या. तिने एकीचा गुंडा केला, सुई घेतली, पहिला फास घातला. राजेश बूट घालून, फाइल काखेत धरून चौकटीत येऊन उभा राहिला.

"चल ताई. रिक्षा बोलावलीय."

"तोरण करतेय," सुगंधा म्हणाली.

"आत्ता? कसलं तोरण?"

"नव्या घरात माझ्या दाराला लावायला. नवीन घरात दाराला तोरण लागतं ना? दाराची रुंदी तेवढी सांग. पहिल्या साखळीतच ठरवायला लागते. नंतर मला काही करता येत नाही."

"ताई..."

"सांग ना. किती फूट?"

 राजेश बिल्डरच्या माणसाला फोन लावत गॅलरीतच आला, तिच्या खाटेच्या कडेला, ग्रीलकडे तोंड करून. घरात फोनवर खासगी बोलायचं तर तो नेहमी इथेच यायचा. "हां, राजेश बोलतोय, दुसरा मजला. आज जमत नाहीये... नाही, येतो ना, करायचंच आहे. एक विचारायचं होतं. ती ड्राय बाल्कनी आहे ना, तिला दार बसवता येईल का?... नाही, स्लायडिंग नको. दार. साधं दार." तो बराच वेळ ऐकत राहिला. दीप्ती सोफ्यावर हाताची घडी घालून बसली होती आणि तिलाही सगळं ऐकू येत होतं.

"बसेल म्हणतायत," तो सुगंधाकडे न वळता म्हणाला. "अडीच फुटांचं. बाथरूमला असतं तसं."

"आत काय काय असेल?"

"तेच. मशीन, आणि तू."

अडीच फूट म्हणजे तीस इंच. नव्वद साखळ्या. सुगंधाने विणायला सुरुवात केली. फोन कानाला लावून राजेश थांबला होता, पलीकडचा माणूसही थांबला असावा. ती ओठ हलवत मोजत होती, शाळेतल्या मुलीसारखी. सत्तर. ऐंशी. नव्वदला तिचा हात क्षणभर थांबला. मग एक्क्याण्णव. ब्याण्णव. दीप्तीने मान उंचावून पाहिलं. शंभर झाले, एकशे पाच झाले. एकशे आठला सुगंधाने साखळी दोन्ही हातांत ताणून धरली.

"तीन फूट," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या खोलीला आहे तेवढं. आणि मशीन बाहेर."

"ताई, साडेतीन फुटांच्या जागेत तीन फुटांचं दार..."

"मग जागा वाढवायला सांग. तू विचार त्यांना, मी थांबलेय."

राजेशने फोनचा आवाज बंद केला, बायकोकडे पाहिलं. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. फाइल अजून त्याच्या काखेतच होती.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. दीप्ती जागची हलली नाही. राजेशही नाही. सुगंधाने सुई फासातच राहू दिली, साखळी खांद्यावर टाकली आणि दोघांच्या मधून वाट काढत गॅस बंद करायला आत गेली.